जिवलीसाठी ठेवलेलं काम

रंभाबाई गेल्या त्याच्या आदल्या दिवशी घरात विशेष असं काही नव्हतं. सापगावात भाताची झोडणी उरकली होती, अंगणाच्या कडेला पेंढ्याची उडवी रचून झाली होती आणि वाल पेरायचे राहिले होते. रविवार होता, म्हणून रविना घरी होती. ती ठाण्यातल्या एका कंपनीत प्रोग्रॅमर. आठवड्यातून एखाददुसरा दिवस ऑफिसात जायची, एरवी सापगावच्या घरातूनच काम करायची. तिची आई रंभाबाई ही गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल. वडील रविना शाळेत असतानाच गेलेले. घरात त्या दोघीच होत्या, आणि दोघींच्या मधे ‘कपाट’.

‘कपाट’ हे रविनाने लहान वाचनालयांसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर. कोणतं पुस्तक कुणी नेलं, कधी परत यायचं, कोण सभासद झालं, एवढंच त्याचं काम. ते फुकट होतं आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला होता. कुणीही तो उघडून वाचावा, बदल करून पाठवावा, रविनाने तपासून आत घ्यावा. शहापूर-मुरबाडकडची बरीच वाचनालयं ते वापरत. त्यावर खपणारे सगळे हौशी, पगार कुणालाच नाही. कोड रविना बघायची. नवीन येणारी माणसं आई बघायची.

आईला प्रोग्रॅमिंग येत नव्हतं. पण नवख्या माणसाला पहिल्या दिवशी काय येत नाही, हे तिला नेमकं माहीत होतं, कारण तिलाही ते आलं नव्हतं. वाचनालयात नव्या सभासदाला ती कधी जाडं पुस्तक देत नसे. एखादं पातळसं, गोष्ट लगेच सुरू होणारं पुस्तक ती टेबलाच्या खणात बाजूला काढून ठेवायची आणि माणूस आला की सहज पुढे करायची. ‘कपाट’च्या कामांचंही तिने तसंच केलं होतं. सापडलेल्या चुका वेबसाइटवर सगळ्यांना दिसत. त्यातल्या बारक्या, सोप्या चुकांपुढे आई लिहायची: नव्या माणसासाठी राखीव, जुन्यांनी हात लावू नये.

जुनी म्हणजे मुख्यतः रविनाच. समोर चूक दिसली की ती काढल्याशिवाय तिला बसवत नसे. सकाळी आईने राखून ठेवलेलं काम दुपारच्या चहापर्यंत रविनाने उरकलेलं असायचं. “अगो, ते ठेवलं होतं मी,” आई म्हणायची. “अर्ध्या मिनिटाचं होतं,” रविना म्हणायची. यावर कधी भांडण झालं नाही. आई दुसरं काहीतरी शोधून राखून ठेवायची.

त्या दुपारी आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. फोन सुपाच्या शेजारी ठेवलेला, स्पीकरवर. पलीकडे जिवली होती. डोळखांबच्या वरच्या अंगाला तिचा पाडा. पावसाळ्यात ती डोळखांबला झेरॉक्सच्या आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या दुकानात बसायची आणि गिऱ्हाईक नसलं की दुकानाच्या कॉम्प्युटरवर शिकायची. भात घरात आलं की आईबापाबरोबर वीटभट्टीवर.

“उद्या निघायचं आणि आज सांगतेस होय?” आई म्हणाली.

“मुकादम आजच आला ना, ताई. गाडी पहाटंची हाय.”

“भट्टी कुठली?”

“गाडी थांबंल तिथली.”

आई हसली. “फोन नेतेस का?”

“नाय. भावाची बारावी हाय, त्याच्याजवळ राहील. ताई, ते काम कुणाला देऊ नका हां. चूक मी दाखवली, मीच काढणार.”

ती चूक अशी होती. पुस्तक तीन महिने परत आलं नाही की ‘कपाट’ त्याच्यापुढे ‘हरवले’ असं लिहायचं आणि ते नेणाऱ्याचं सभासदत्व बंद करायचं. आदल्या वर्षी जिवलीने डोळखांबच्या वाचनालयातून पुस्तक नेलं, ते भट्टीवर वाचलं, मे महिन्यात परत आणलं, तर ‘कपाट’ तिला सभासद मानायला तयार नव्हतं.

“पुस्तक माझ्या उशाला, आणि तुमचा कॉम्प्युटर बोलतो हरवलं,” जिवली म्हणाली. “यंदा पण बोलंल.”

“बोलू दे. तू येऊन त्याचं तोंड बंद कर. मी ठेवते काम. जसंच्या तसं मिळेल तुला.”

“नक्की?”

“नक्की गो. आता जा, भांडी बांध.”

रविना आत टेबलाशी बसून हे ऐकत होती. संध्याकाळी ती भाकरी थापायला आईच्या शेजारी आली तेव्हा म्हणाली, “आई, ते तीन महिन्यांचं मी करून टाकलं. सभासदापुढे ‘बाहेरगावी’ अशी खूण करता येते आता. खूण असली की पुस्तक हरवले म्हणत नाही.”

आईचा हात परातीत थांबला. “केलंस?”

“सहा महिने तसंच ठेवायचं का? ती एकटी थोडीच जाते. पाडेच्या पाडे जातात.”

“तेही खरं.” आईने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. “पण तिला मी काय सांगू आता?”

“दुसरं देऊ काहीतरी.”

“दुसरं तिचं नाय ना,” आई म्हणाली. मग तिने विचारलं, सकाळची सुकट उरली आहे, ती चालेल का वालाचं करू. रविना म्हणाली, चालेल. दोघी जेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई न्हाणीघरात पडली. मेंदूत रक्तस्राव. शहापूरला पोचेपर्यंत करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढचे दिवस रीतीप्रमाणे गेले. रविनाने सगळं व्यवस्थित केलं. भातसा नदीच्या काठी उभी राहिली, भावकीला जेवू घातलं, भांडी मोजून परत केली. बातमी सांगायची वेळ तिच्यावर आली नाही. गावाला ती आपोआप कळली होती. ‘कपाट’च्या ग्रुपवर मुरबाडच्या प्रज्वलने कळवलं. ऑफिसला तिने घरगुती कारणासाठी रजा एवढंच लिहिलं, आणि कारण तिथल्या लोकांना दुसऱ्या कुणाकडून समजलं. लोक येऊन तिलाच सांगत, गेली गो तुझी आय, आणि ती मान हलवी. तिचं वाचन भरपूर होतं. मरणाबद्दल माणसं किती तऱ्हांनी बोलतात आणि कितीजण काहीच न बोलता राहतात, हे तिने पुस्तकांतून पाहिलेलं होतं. आपण त्या न बोलणाऱ्यांतले निघालो, एवढी नोंद तिने मनाशी केली आणि ती कामाला लागली. वाचनालयही ती रोज थोडा वेळ उघडू लागली, दुसरं कुणी मिळेपर्यंत.

‘कपाट’ मात्र आटत चाललं. नवीन माणूस यायचा, काहीतरी विचारायचा, रविना उत्तर द्यायची आणि माणूस परत दिसायचा नाही. मार्चमध्ये प्रज्वलचा फोन आला. तो पतपेढीत कारकून होता आणि आईच्याच हाताखालून तयार झालेला.

“परवाच्या पोराला काय लिहिलंस ते मी वाचलं,” तो म्हणाला.

“काय चूक होतं त्यात?”

“चूक काय नाय. ‘सूचना वाचा’, एवढंच लिहिलंस. पत्ता विचारणाऱ्याला नकाशा छापून घे म्हटल्यासारखं.”

“सूचनांमध्ये सगळं आहे, प्रज्वल. कुणी वाचत नाही.”

“मी पण नव्हत्या वाचल्या. मी रंभाताईंना बोललो, मला यातलं ढेकळं कळत नाय. त्या बोलल्या, मला पण नाय कळत, चल, दोघं मिळून बघू. आमी दोन महिने दोघं मिळून बघत होतो. मग कळलं, त्यांना पहिल्यापासून कळत होतं.”

“मग तू बघ ना नव्यांना.”

“बघतोय की. म्हशाच्या जत्रेत लोक बैल बघतात तसे येतात. दात बघतात, शेपूट बघतात, दावं धरून कुणी घरी नेत नाय.”

दोघांचं ठरलं ते असं: जूनपासून नवे बदल घेणं थांबवायचं. वाचनालयांत चालू आहे ते चालू राहील, पण पुढे काही नाही. तशी सूचना रविनाने लिहून ठेवली. सरळ, नेमकी चार वाक्यं. ती वेबसाइटवर चढवायची तेवढी राहिली होती.

आईचा फोन ती रोज चार्ज करायची. गॅसचा नंबर त्याच्यावर लागायचा, बँकेचे मेसेज त्याच्यावर यायचे. कारण विचारलं असतं तर तिने हेच सांगितलं असतं. मे महिन्यात एका सकाळी त्या फोनवर मेसेज आला.

“ताई, आलो आमी. पुस्तक पण आणलं. काम ठेवलंय ना?”

रविनाला लगेच समजलं की जिवलीला काहीच माहीत नाही. फोन भावाजवळ, ती भट्टीवर, ग्रुपमध्ये ती नव्हतीच. रविनाने लिहायला घेतलं, “मी रविना. आई”. पुढचा शब्द आला नाही. तिने तेवढं पुसलं. अंगठा पडद्यावर तसाच राहिला, आणि मग तिने लिहिलं, “ठेवलंय गो.”

मेसेज गेला. आता तो खरा करणं भाग होतं. रविनाने लॅपटॉप उघडला आणि नोव्हेंबरात घातलेली दुरुस्ती काढून टाकली. वाचनालयांमध्ये चालू असलेल्या ‘कपाट’ला तिने धक्का लावला नाही, हौशी लोक जिथे काम करतात त्या प्रतीत मात्र चूक होती तशी परत आणली. चांगलं बसलेलं ठिगळ उसवून फाटकं पुढे करावं तसं ते झालं. इतक्या वर्षांत तिने मुद्दाम घातलेली ही पहिली चूक.

मग जिवलीचे मेसेज येऊ लागले. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा, कधी एकामागून एक, कधी दिवसभर काही नाही.

“ताई, लाल अक्षरं आली. सगळं मोडलं वाटतं.”

रविनाने तीन ओळींत अचूक उत्तर लिहिलं. पाठवण्याआधी ते एकदा वाचलं. आईने असं लिहिलं नसतं. तिने ते पुसलं आणि लिहिलं, “मोडत नाय काय. कुठल्या ओळीपासून लाल झालं? मला पण दाखव.”

थोड्या वेळाने उत्तर आलं, “दाखवायला गेले आणि मलाच दिसलं. कंस बंद केला नव्हता.”

रविना आईसारखं लिहीत राहिली. तिला ते अवघड गेलं नाही, आणि अवघड जात नाही याचं तिला थोडं आश्चर्य वाटलं. फक्त थांबावं लागत होतं. उत्तर ओठांवर असताना प्रश्न विचारावा लागत होता. जिवलीने उलट्या बाजूने सुरुवात केली, दोन दिवस भलत्याच फाइलमध्ये घालवले, आणि रविना हात मांडीवर ठेवून बसली. जिवलीने मग आपणच लिहिलं, “ताई, मी चुकीच्या घरात शिरलेय का?” रविनाने लिहिलं, “शेजारच्या. हाक मारून बघ.” हे वाक्य आईचं की आपलं, हे तिला सांगता आलं नसतं.

एकदा जिवलीने फोनच लावला. रविनाने तो वाजू दिला आणि नंतर लिहिलं, “घसा बसलाय गो.”

“थंड पिऊ नका,” जिवलीने लिहिलं. “आमच्याकडं मध हाय, रानातला. देते पाठवून.”

प्रज्वलने विचारलं, ही डोळखांबची कोण, तिच्याशी कोण बोलतं? रविना म्हणाली, मी. “तू?” तो म्हणाला. “आणि ती अजून टिकलीय?” रविनाने विषय बदलला. जून लागला तरी तिने ती सूचना चढवली नाही.

जिवलीचं काम निम्म्याच्या वर झालं तेव्हा रविनाने तिला इतिहास बघायला शिकवलं. या कामात जुनं काहीच नाहीसं होत नाही. कोणती ओळ कुणी लिहिली, कधी बदलली, कुणी काढली, सगळं मागे मागे जाऊन बघता येतं. नवख्याने हे शिकायलाच हवं. ते समजावताना रविना इतकी रमली की आपण कुणाच्या हातात काय देतो आहोत, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला. “ताई, मी मागपर्यंत बघितलं. हे काम मी भट्टीवर गेले त्याच्या आदल्या दिवशीच झालं होतं. रविनाताईंनी केलेलं. मी आले त्या दिवशी त्यांनीच काढलं.”

थोड्या वेळाने दुसरा आला. “पोरांना भातुकलीला खडे देतात तांदूळ म्हणून. तसं केलंत तुमी.”

संध्याकाळी तिसरा. “उद्या शहापूरला यायचंय. तिथनं सापगावला येते. तोंडावर सांगा.”

रविनाने फोन हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला. लिहून सांगणं अजून शक्य होतं. पण त्या फोनवरून काहीही लिहिलं असतं तरी ते आईनेच लिहिल्यासारखं दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती वाचनालय उघडून बसली. जिवली आली तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बांध्याने लहान, भट्टीच्या उन्हाने रापलेली, खांद्याला कापडी पिशवी. रविनाने तिला कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज ओळखला.

“रंभाताई हायेत?”

“तू जिवली. ये, बस.”

“तुमी रविनाताई ना?” जिवली उंबऱ्याशीच उभी राहिली. “बसायला नाय आले मी. ताईंना विचारायला आले. काम नसंल तर नाय बोलायचं सरळ. आमचा मुकादम वाईट हाय, पण तो पण तोंडावर बोलतो, उद्यापासनं येऊ नको. खोटं काम देऊन बसवून नाय ठेवत.”

“काम खोटं नाही.”

“केलेलं काम उसवून दिलंत. मग काय बोलायचं त्याला? दुकानाचा मालक हसत होता मला. फुकटचं काम करतेस, ते पण लोकांनी आधीच केलेलं.” तिने पिशवीतून सरबताची जुनी बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. आत मध होता, दाट, काळपट. “ह्यो मध. ताईंच्या घशाला. राग हाय म्हणून औषध कशाला मागं ठेवू?”

रविनाने बाटलीकडे पाहिलं. तिने ती उचलून सरळ ठेवली, जरी ती सरळच होती.

“मी सांगते,” ती म्हणाली. “ते काम तुझं आहे हे मला माहीत होतं. तुमचं फोनवरचं बोलणं मी ऐकलं होतं. तरी मी केलं. आई नंतर मला म्हणालीही, दुसरं दिलं तर ते तिचं नाही. मग तू आलीस, तेव्हा मी माझं काढलं. कारण आईने तुला शब्द दिला होता. तुझं पूर्ण झालं की सगळ्या वाचनालयांत तुझंच जाईल. माझं परत येणार नाही.”

जिवली विचार करत होती. “माझं तुमच्याइतकं चांगलं नाय.”

“नाही. पण चालतं.”

जिवलीच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. ती आत आली आणि बाकाच्या टोकाला बसली, उठता येईल अशी. “इतकं सगळं होतं तर ताईंनी मला लिहायचं ना. रोज बोलत होत्या माझ्याशी. मी कंस विसरले तरी कळत होतं त्यांना. आणि हे एवढं सांगितलं नाय?”

रविनाने मधाची बाटली टेबलाच्या कडेपासून आत सरकवली.

“तुमच्यावर नाय माझा राग,” जिवली म्हणाली. “तुमची-माझी वळख नाय. त्यांच्याकडनं ऐकायचंय मला, काम माझं हाय म्हणून. त्या बोलल्या तर मी आज दुकानात जाऊन पुढं करते. नाय बोलल्या तर हितनंच रामराम. घरी हायेत ना? चला, मी येते. नायतर हाक मारा हितनं, ताई बोलल्या होत्या घर समोरच हाय.”

दारातून घर समोरच दिसत होतं. कडी लावलेली होती. रविना उठून दारापर्यंत गेली, तिथे जरा थांबली आणि परत येऊन जिवलीच्या शेजारी बाकावर बसली. आपल्याला बोलायला लागणारा वेळ ही मुलगी देते आहे, हे तिच्या लक्षात आलं. जिवली काही विचारत नव्हती, घाई करत नव्हती.

“मेसेज मी लिहीत होते,” रविना म्हणाली.

“तुमी?”

“पहिल्यापासून. तू भट्टीवरून आल्यापासून.”

“मग ताई?”

रविनाने तोंड उघडलं. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा साधा निघाला.

“आई गेली,” ती म्हणाली. “तू भट्टीवर गेलीस त्याच दिवशी सकाळी. मी कुणालाच सांगितलं नाही. आई गेली गो, जिवली.”